आधी वाण्याची यादी बदला

वडापावात प्राणिजन्य असं काही नसतं. साबुदाणा वडा, कांदाभजी, शेवपुरी, उसाचा रस, पाकिटातले वेफर्स, सगळं शेतातून आलेलं. नेरूळ किंवा कोपरखैरणे स्टेशनाबाहेर संध्याकाळी सातच्या गर्दीत जे खाल्लं जातं, त्यातलं बहुतेक ‘वनस्पतीआधारित’ या नावात अगदी व्यवस्थित बसतं. त्यामुळे ‘वनस्पतीआधारित आहार घ्या, वजन उतरेल आणि पर्यावरणही सावरेल’ हा सल्ला नवी मुंबईतल्या माणसाला आहे तसा देऊन उपयोग नाही. तो जिथे तयार झाला तिथे लोक दिवसातून दोनदा मांस खातात. आपल्याकडे सामिष घरांतही सोमवार, गुरुवार, शनिवार पाळले जातात, चतुर्थी-एकादशी असते, अख्खा श्रावण असतो. तरी पोटाचे घेर वाढले आहेत. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यात प्रौढांपैकी २८.६ टक्के लठ्ठ निघाले आणि पोटाचा घेर प्रमाणाबाहेर असलेले ३९.५ टक्के. म्हणजे वजनकाटा फारसं वाईट बोलत नाही, पण पँटचं बटण लागत नाही, अशी माणसं पुष्कळ आहेत.

ताट शाकाहारी आहे की नाही, यापेक्षा त्यात कशाला किती जागा मिळाली आहे हे पाहायला हवं. भात-पोळीला अर्ध्याहून अधिक ताट, आमटी पातळ, भाजी तेलात न्हालेली आणि चार घास, कोशिंबीर पाहुणे आले तरच. ही वाटणी जेवायला बसल्यावर बदलत नाही, कारण तोवर स्वयंपाक झालेला असतो. ती बदलते महिन्याच्या सुरुवातीला, किराणा भरताना. म्हणून कॅलरी मोजणाऱ्या ॲपच्या आधी वाण्याची यादी काढा.

चौघांच्या घराचा हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या प्रौढासाठी त्यांनी सुचवलेलं प्रमाण असं: धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम (त्यात पालेभाजी १०० ग्रॅम), फळं १०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मासे-मांस मिळून ८५ ग्रॅम, दाणे-तीळ-सुकामेवा ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर. वजनं कच्च्या मालाची आहेत.

रोजच्या ग्रॅममध्ये हे आकडे काही सांगत नाहीत. त्यांना चार माणसं आणि तीस दिवसांनी गुणा, म्हणजे ते वाण्याच्या भाषेत बोलू लागतात. धान्य ३० किलो, आणि यात गहू-तांदळाबरोबर पोहे, रवा, शेवया, पाव, बिस्किटं, साबुदाणा सगळं आलं. शुद्ध शाकाहारी घराला डाळी-कडधान्यं १० किलो. भाजी आठवड्याला ११ किलोच्या वर. तेल आणि तूप मिळून साडेतीन लिटर.

आता आपली यादी शेजारी धरा. बहुतेक घरांत धान्याचा आकडा सहज ओलांडलेला दिसेल. तूरडाळ दोन किलो, मूगडाळ एक, हरभराडाळ अर्धा, मटकी-मूग अर्धा-अर्धा, असं करत कडधान्यांची बेरीज पाचाच्या पुढे जात नाही. तेलाच्या पिशव्या मात्र पाच किंवा सहा. सणाच्या महिन्यात तर विचारूच नका.

वजनाचं बहुतेक गणित या तीन ओळींत आहे. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी असतात. चौघांत महिन्याला दीड लिटर तेल जादा जात असेल, तर ते माणशी रोजच्या शंभर कॅलरींच्या घरात जातं. एवढ्या कॅलरी चालून जाळायच्या तर अर्धा तास तरी हवा, आणि पोटाला त्या भरल्यासारख्या वाटतही नाहीत. उलट वाटीभर घट्ट उसळीत जवळपास तितक्याच कॅलरी येतात आणि ती दोन-तीन तास भूक लागू देत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेले दोन छोटे पण काटेकोर प्रयोग इथे आठवतात. दोन्हींत वीसच माणसं होती, ती संस्थेतच राहिली आणि ‘पोट भरेल एवढं खा’ असं त्यांना सांगितलं होतं. २०१९ च्या प्रयोगात कारखान्यात तयार झालेलं, पाकिटबंद खाणं मिळालं तेव्हा लोक दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन बसले. २०२१ च्या प्रयोगात कमी तेलाचं, फारशी प्रक्रिया न केलेलं वनस्पतीजन्य जेवण आणि प्राणिजन्य, स्निग्धांशप्रधान कीटो जेवण यांची तुलना होती. वनस्पतीजन्य जेवणावर लोकांनी रोज साडेपाचशे ते सातशे कॅलरी आपोआप कमी खाल्ल्या आणि पोट न भरल्याची तक्रारही केली नाही. दोन आठवड्यांच्या प्रयोगावरून जन्मभराचा निष्कर्ष काढता येत नाही, पण कारण समजायला सोपं आहे. शंभर ग्रॅम दुधीत पंधरा-वीस कॅलरी, शंभर ग्रॅम शिजलेल्या वरणात शंभरच्या आसपास, शंभर ग्रॅम फरसाणात पाचशेच्या वर. पोट आकारानं भरतं, त्याला कॅलरी वाचता येत नाहीत.

पहिल्या महिन्यात काय करायचं

एकदम क्रांती नको. पहिल्या महिन्यात यादीतल्या तीनच ओळी बदला: तेल एक लिटर कमी, कडधान्यं तीन किलो जास्त, धान्यातून पाच किलो वजा. बाकी सगळं होतं तसं राहू दे.

तेल कमी आणलं की स्वयंपाकघर आपोआप जुन्या युक्त्यांकडे वळतं. भाजी झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवण्याची पद्धत आपल्या आज्यांना माहीत होती, तिला नॉनस्टिकचीही गरज नाही. फोडणी बाटलीतून न ओतता चमच्यानं मोजून घ्यायची, चौघांच्या भाजीला तीन छोटे चमचे पुरतात. पीठ पेरलेल्या भाजीत बेसन तेल पितं, तिथे थोडा पाण्याचा हबका मारून दणदणीत वाफ आणली की काम होतं. तळण बंद करा असं मी म्हणणार नाही, गणपतीत तळणीचे मोदक होणारच. पण तळून उरलेलं तेल पुन्हा भाजीत रिचवायची सवय मात्र सोडा. तेच तेल पुनःपुन्हा तापवणं तब्येतीला चांगलं नाही.

कडधान्यांची तीन किलोंची भर खपवायची कशी, ही खरी अडचण. सकाळी सातच्या आत लोकल पकडणाऱ्या घरात ‘रोज उसळ करा’ म्हणणं सोपं आहे, भिजवायचं कोणी? यावर एकच व्यवस्था टिकते. आठवड्यातून दोन रात्री ठरवून घ्यायच्या, समजा बुधवार आणि शनिवार. त्या रात्री दोन-दोन कडधान्यं भिजत घालायची. सकाळी पाणी काढून एक फडक्यात बांधायचं आणि दुसरं कुकरला लावून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायचं. मोड आलेले मूग-मटकी फ्रीजमध्ये तीन-चार दिवस नीट राहतात. शिजवलेले छोले, चवळी किंवा राजमा फ्रीझरमध्ये महिनाभर. मग रात्री आठला घरी पोचल्यावर उसळ वीस मिनिटांत होते. ऐरोली, महापे, घणसोलीच्या कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्यांना हा डबा कँटीनच्या सामोशापेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण पहाटे तीनला लागणारी भूक सामोशानं तासाभरात परत येते.

आमटीच्या बाबतीत एक गैरसमज घराघरांत आहे. ‘आम्ही रोज डाळ खातो’ असं सगळे म्हणतात. घट्ट वरणाच्या वाटीत साधारण ३० ग्रॅम डाळ असते, पातळ आमटीच्या वाटीत जेमतेम निम्मी. आयसीएमआरच्या हिशेबानं प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. पासष्ट किलोच्या माणसाला ५४ ग्रॅम. पोषण संस्थेचं वरचं प्रमाण पाळलं तर डाळींतून १९-२०, धान्यातून पंचवीसच्या आसपास आणि उरलेली दूध-दाण्यांतून, अशी ती बसतात. पावडरच्या डब्याची गरज पडत नाही. पातळ आमटीवर मात्र बसत नाहीत. म्हणून आमटी घट्ट करा, किंवा आमटीबरोबर उसळ करा, किंवा भाजीतच डाळ घाला. डाळ-पालक, डाळ-मेथी, दुधीत हरभराडाळ, डाळ-दाणे घातलेलं अळूचं फतफतं. हे शोध आपल्याकडे फार आधी लागलेले आहेत.

धान्यातून पाच किलो वजा करायचे ते कुठून? पहिली कात्री मैदा, पाव, बिस्किटं, टोस्ट यांना. दुसरी रात्रीच्या भाताला. वजन उतरवायचं असेल तर दिवसाला माणशी २०० ग्रॅम धान्य पुरेसं आहे. म्हणजे सकाळी वाटीभर पोहे, दुपारी दोन पोळ्या, रात्री एक भाकरी आणि चार घास भात. पोह्यांत मटार किंवा मोड आलेली मटकी घातली की तेच पोहे दुपारपर्यंत टिकतात. त्याहून बरं मुगाचं धिरडं.

गव्हा-तांदळातला काही भाग ज्वारी, बाजरी, नाचणीकडे वळवा. भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यात पांढऱ्या तांदळात शंभर ग्रॅममागे तीन ग्रॅमहून कमी तंतुमय पदार्थ आहेत, ज्वारी, बाजरी, नाचणीत दहा ते साडेअकरा. नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर. पण भाकरीत जादू नाही. ग्रॅमला ग्रॅम कॅलरी जवळपास पोळीएवढ्याच. तिचा फायदा हा की ती तेलाशिवाय होते, चावावी लागते आणि दीड भाकरीनंतर हात आपोआप थांबतो. नाचणीची बिस्किटं आणि ज्वारीचे तळलेले चिप्स या हिशेबात धरू नका. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होऊन गेल्यापासून दुकानांत त्यांचा सुळसुळाट आहे, आणि पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचली तर पहिल्या दोन-तीन नावांत मैदा, साखर, पामतेल यांपैकी एखादं तरी सापडतं.

उपवासाचं काय, हे वाचक हमखास विचारतात. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण ज्यानं केली त्यानं खिचडी खाल्लेली असणार. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, प्रथिनं नाहीतच जवळपास, वर दाण्याचं कूट आणि तूप. वरीचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, भोपळ्याचं भरीत, काकडीची कोशिंबीर, फळं, ताक, असा उपवास वजनाला मानवतो. खिचडी हवीच असेल तर छोटी वाटी, आणि तीही एकदाच.

कुठून आणायचं

नवी मुंबईकरांएवढी सोय क्वचित कोणाला असेल. वाशीच्या बाजार समितीचे पाच बाजार, म्हणजे भाजीपाला, फळं, कांदा-बटाटा, धान्य आणि मसाला, आपल्या दाराशी आहेत. सगळ्या मुंबईचं पोट तिथून भरतं. घाऊक बाजार एका घराच्या पाव किलोसाठी नसतो हे खरं, पण इमारतीतली चार-पाच घरं एकत्र आली तर तूर, हरभरा, मूग गोणीनं किंवा अर्ध्या गोणीनं आणून वाटून घेता येतात. फ्लॅटमध्ये किडीची भीती असते. डाळ उन्हात वाळवून कोरडी करून, डब्यात हळकुंडं किंवा कडुनिंबाचा पाला घालून ठेवा, आणि पावसाळ्यात दोन महिन्यांपेक्षा जास्त साठा नको.

रायगडचा वाल घ्यायला विसरू नका. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर पनवेल, पेण, अलिबाग भागात वाल होतो. वेगळं पाणी द्यावं लागत नाही, आणि कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत बांधतात, त्यामुळे खतही कमी लागतं. थंडीत शेंगा, नंतर वर्षभर कडवे वाल. डाळिंब्या सोलायचा कंटाळा येतो हे मान्य, पण ते काम टीव्हीसमोर बसून घरातल्या कोणालाही करता येतं, आणि ते फक्त बायकांनी करावं असं कुठे लिहिलेलं नाही.

पावसाळ्यात बेलापूर, खारघर, पनवेलच्या बाजारात कातकरी आणि ठाकर बायका रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कंटोळी, जूनमध्ये शेवळं. तेल फार लागत नाही, बियाणं-खत-फवारणी काहीच नाही, आणि पैसे थेट त्या बाईच्या हातात. शेवळं कराल तर त्याबरोबर मिळणारी काकडं घ्याच, नाहीतर चिंच तरी घाला, घसा खाजतो. ओळख नसलेली भाजी स्वतः डोंगरावरून तोडून आणू नका. तसंच रेल्वेरुळांच्या आणि नाल्यांच्या कडेला पिकवलेल्या पालेभाजीबद्दल शंका असेल तर विक्रेत्याला विचारा, उत्तर पटलं नाही तर पुढच्या गाडीकडे जा.

पर्यावरणाचा हिशेब, इथल्या ताटापुरता

जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये जो अभ्यास दिला, त्यात ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती होती. माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंपैकी जवळपास २६ टक्के अन्नाच्या साखळीतून येतात, असा त्यांचा हिशेब. वाहतुकीचा वाटा त्यात लहान असतो, विमानानं आलेला माल सोडला तर. म्हणजे ‘किती लांबून आलं’ यापेक्षा ‘काय आहे’ हा प्रश्न मोठा. नाशिकची भाजी की पुण्याची, यात फार डोकं घालू नका.

शाकाहारी वाचकांना एक गोष्ट कदाचित आवडणार नाही. या अभ्यासात किलोमागचा चीजचा कार्बनभार कोंबडीपेक्षा जास्त निघतो. पनीरचं गणित तुम्हीच करा. एक किलो पनीरला पाच-सहा लिटर दूध लागतं आणि लिटरभर दुधामागे जगाच्या सरासरीनं तीनेक किलो कार्बन डायऑक्साइड इतका भार असतो. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून मिथेन निघतो, गाय-म्हैस खाण्यासाठी पाळली की दुधासाठी, त्याला फरक पडत नाही. त्यामुळे बांगडा सोडून पनीर बटर मसाला खाणाऱ्यानं ना पृथ्वीचं भलं केलं, ना कमरेचं. हॉटेलात गेल्यावर पनीरच्या तीन भाज्यांऐवजी एक पनीर, एक डाळ, एक छोले मागवा. घरी दूध-दही पोषण संस्थेनं सांगितलेल्या ३०० मिलिलिटरच्या आत ठेवा, बंद करायची सक्ती नाही. मला तरी दही-ताक सोडून विकतचं बदामदूध पिणं पटत नाही. त्यात बदाम नावापुरतेच असतात. सोयाबीनचं दूध त्यातल्या त्यात प्रथिनांच्या बाबतीत बरं. नकली मांसाचे गोठवलेले तुकडे मॉलमध्ये मिळतात, त्यांतलं मीठ आणि किंमत पाहून झुणका बरा वाटतो.

दिवाळे किंवा करावे गावच्या आगरी-कोळी घराला मासळी सोडायला सांगणारा मी नाही. आठवड्यातून दोनदा कालवण, बरोबर तांदळाच्या दोन भाकरींऐवजी एक भाकरी आणि एखादी पालेभाजी, तळलेल्या तुकड्याऐवजी तव्यावर भाजलेला, एवढं केलं तरी पुरे. बी-१२ आणि ओमेगा-३ ची सोय त्यातच होते. मटण मात्र सणापुरतं ठेवावं, वजनासाठीही आणि मिथेनसाठीही.

भाताचीही बाजू आहे. साचलेल्या पाण्यातल्या भातशेतीतून मिथेन सुटतो. सोलापूर-मंगळवेढ्याकडची ज्वारी काळ्या जमिनीच्या ओलीवर रब्बीत येते. भात पूर्ण सोडा असं कोकणाच्या तोंडावर राहून कोणी म्हणू नये, पण दिवसातून एकदाच भात, हे दोन्ही हिशेबांना मानवतं. उसाचं गणित आणखी तिखट आहे: महाराष्ट्रातल्या पीकक्षेत्राच्या चारेक टक्क्यांवर ऊस, आणि सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास, असं वारंवार मांडलं गेलं आहे. तुम्ही चहातला चमचा कमी केल्यानं मराठवाड्यात पाणी येणार नाही, त्याला धोरण लागेल. कंबरेला मात्र फरक पडेल. टपरीवरचे चार कटिंग म्हणजे सहा-आठ चमचे साखर, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमच्यांच्या आत राहणं उत्तम.

सगळ्यात सोपा पर्यावरणाचा उपाय फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात असतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतीय घरांत माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं. चौघांच्या घरात २२० किलो. ते तुर्भ्याच्या क्षेपणभूमीवर जाऊन हवेशिवाय कुजलं की पुन्हा मिथेनच. जास्त भाजी आणायला सांगितल्यावर ती सडण्याचा धोका वाढतो, म्हणून आठवड्याची भाजी एकदम आणू नका. पालेभाजी दोन दिवसांची, वेलभाज्या चार दिवसांच्या, भोपळा-सुरण-बीट आठवड्याचे. मुळ्याचा पाला, फ्लॉवरची पानं, दुधीची सालं यांच्या भाज्या आणि चटण्या कुठल्याही जुन्या मराठी घरात होत. उरलेल्या वरणाची थालीपिठं होतात, उरलेल्या भाताची आंबोळी. सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत होत असेल तर उरलेलं तिथे द्या, होत नसेल तर पुढच्या सभेत विषय काढा, चर्चा पार्किंगवर जाण्याआधी.

मोजायचं काय, सांभाळायचं काय

रोज काट्यावर उभं राहू नका, पाण्यामुळे वजन दिवसाला किलोभर इकडे-तिकडे होतं. आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर. त्याहून भरवशाची कापडी टेप. भारतीयांसाठी पोटाचा घेर पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटरच्या आत हवा, आणि बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त समजायचं, २५ च्या वर लठ्ठपणा. वर सांगितलेल्या बदलांनी महिन्याला अर्धा ते एक किलो उतरलं तर गाडी बरोबर चालली आहे. ‘दीक्षित की दिवेकर’, म्हणजे दिवसातून दोनदाच खायचं की थोडं थोडं अनेकदा, हा वाद काही वर्षांपूर्वी घराघरांत रंगला होता, अजूनही कुणाकुणाच्या लग्नात रंगतो. किती वेळा खायचं ते तुमच्या पाळीनुसार आणि भुकेनुसार ठरवा, काय खायचं हे ठरलं असलं की झालं. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईला किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कला फेऱ्या मारणं चालू ठेवा, फक्त बाहेर पडल्यावर उसाचा रस नको.

कडधान्यं एकदम वाढवली की पोटात वारा धरतो. पंधरा दिवसांत हळूहळू वाढवा, भिजवलेलं पाणी ओतून द्या, हिंग-ओवा-आलं वापरा, मुगापासून सुरुवात करून वाल-राजम्याकडे जा. जेवणावर लगेच चहा पिऊ नका, डाळी-पालेभाज्यांतलं लोह अंगी लागत नाही. तासभर थांबा आणि पानात लिंबाची फोड घ्या. जवसाची चटणी रोज दोन चमचे, ओमेगा-३ साठी. कारळ्याची आणि तिळाची आलटून-पालटून.

बी-१२ वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही. दूध-दही, अंडी, मासे यांपैकी काहीच न घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी सुरू ठेवलीच पाहिजे, आणि शाकाहारी घरांतल्या ज्येष्ठांनी एकदा रक्ततपासणी करून घ्यावी. हातापायांना मुंग्या येतात, थकवा जात नाही, याला वय समजून गप्प बसू नका. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी धान्य कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, कारण तोच डोस मग जास्त ठरू शकतो. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डाळी आणि पालेभाज्यांचं प्रमाण स्वतःहून वाढवू नये. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेतल्यावर सोयाबीनचे पदार्थ काही तासांनीच खा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, वाढत्या वयाच्या मुलांनी वजन उतरवण्याचा खटाटोप करू नये. त्यांच्या ताटातलं धान्य आहे तेवढंच ठेवून डाळ, भाजी आणि फळ तेवढं वाढवा.